बाबलची धार

बाबल मला आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. माणूस गेला की त्याच्याबद्दल चार बरे शब्द बोलायची आपल्याकडे रीत आहे. पण बाबल गेला की अजून आहे हेच मला ठाऊक नाही, तेव्हा ती रीत मला लागू नाही. भोसरीला एका पत्र्याच्या खोलीत मी त्याच्याबरोबर तीन वर्षं काढली. त्या तीन वर्षांत मला जेवढी किळस आली, तेवढी उरलेल्या सगळ्या आयुष्यात मिळून आली नसेल.

गोष्ट सत्तर सालानंतरची. एमआयडीसीत आमचा कारखाना होता, स्कूटरच्या गिअरबॉक्समधले शाफ्ट बनवणारा. मी तपासणी खात्यात होतो. म्हणजे हातात मायक्रोमीटर, कानावर पेन्सिल आणि समोर रजिस्टर. बाबल टूल ग्राइंडर. लेथवर लोखंड कापणारं टूल बोथट झालं की ते बाबलच्या कोपऱ्यात जाई आणि तो ते फिरत्या दगडावर धरून त्याला पुन्हा धार लावी. अठरा लेथ आणि एकटा बाबल. तो उभा राहायचा तिथली फरशी त्याच्या टाचांनी झिजून खोलगट झाली होती.

मी बार्शीकडचा, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूणसुद्धा बेतानं. बाबल मालवणच्या खालच्या अंगाचा, मासेमाराच्या घरातला. दोघांनाही खोली हवी होती आणि सगुणाबाईंची एकच खोली रिकामी होती, एवढ्या भांडवलावर आमचा संसार सुरू झाला. तो मला 'बुवा' म्हणे. सगुणाबाई म्हणजे आमच्या मालकीणबाई, मूळच्या भोसरी गावातल्या. दारात दोन म्हशी, आणि जिभेला हाड नाही.

बाबलच्या सवयी काय सांगाव्यात! धार नीट लागली की नाही हे तो जिभेनं बघायचा. टूल दगडावरून उचललं की फुंकर मारायची, बनियनला पुसायचं आणि जिभेच्या टोकाला लावायचं. तेल, लोखंडाची भुकटी, दगडाची राख, सगळं त्या जिभेवर. दुपारी डबा उघडला की तीच जीभ बोटांवरून फिरायची आणि तीच बोटं माझ्या पोळीच्या चवडीकडे यायची. "बुवा, एक घेव काय रे?" विचारेपर्यंत पोळी गेलेली असे. मी तेव्हापासून खिशात दोन रुमाल ठेवू लागलो. उजव्या खिशात माझा. डाव्या खिशात बाबलचा, म्हणजे बाबलचा हात लागला की पुसायचा. त्याला ते माहीत होतं. मी डाव्या खिशात हात घातला की तो हसायचा.

पण माणसाचे कान विलक्षण होते, तेवढं कबूल केलं पाहिजे. शेडमध्ये अठरा लेथ कोकलत असताना तो आपल्या कोपऱ्यातून ओरडायचा, "कांबळ्या, तुझो दात दुखता रे!" कांबळे म्हणजे तीन नंबर लेथवरचा टर्नर, दापोडीहून सायकलनं येणारा, सदा थट्टेच्या मूडमध्ये. तो लेथ बंद करून बघे, तर टूल खरंच बोथट व्हायला आलेलं असे. "बोथट झालां की आवाज येता," बाबल म्हणायचा. "लोखंडाचा तसां माणसाचा." मग माझ्याकडे बघून पुढे, "बुवाचो आवाज तर रोजच येता."

हे सगळं मी सोसलं असतं. कारखान्यात काय, सगळेच मळलेले. पण एका वर्षी शिमग्याला गावी गेलेला बाबल परत आला तो दोन डबे समुद्राचं पाणी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेले तीन गोळे घेऊन.

एस.टी.नं बारा-चौदा तासांचा प्रवास करून आलेलं ते गोणपाट त्यानं खोलीच्या मध्यावर सोडलं. आतून कुजक्या शेवाळाचा आणि माशाचा असा एक भपकारा आला की मी दारात जाऊन उभा राहिलो. मोसंब्याएवढे तीन काळे गोळे, अंगभर काटे. मला वाटलं, मेलेली काहीतरी घाण आहे. मग त्यातला एक काटा हलला. मग दुसरा. सगळे काटे आपापल्या मनानं, जो तो आपापल्या दिशेला, सावकाश हलू लागले. माझ्या अंगावर शहारा आला तो अजून आठवतो.

"समुद्रातली साळ," बाबल म्हणाला. साळ म्हणजे साळिंदर. "जितीच आसा. बघ तरी रे!"

त्यानं ते तिन्ही प्राणी बादलीत सोडले. बादली माझी होती. त्यातला एक त्यानं मुद्दाम उलटा ठेवला आणि विडी शिलगावून समोर उकिडवा बसला. मला बघायचं नव्हतं, पण एका खोलीत माणूस किती वेळ दुसरीकडे बघणार? त्या प्राण्याच्या काट्यांमधून दोऱ्यासारखे बारीक पाय निघाले, शेकड्यानं. टोकाला चिकट चकत्या. ते पाय लांब होत होत बादलीच्या भिंतीला चिकटले, मग ओढू लागले. गोळा तिरका झाला, उभा झाला, आणि बाबलची दुसरी विडी संपायच्या आत पालथा होऊन बसला.

"डोक्यां नाय, डोळे नाय," बाबल म्हणाला, "तरी तेका कळता उलटां पडलंय म्हणून."

"तोंड कुठाय त्याला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तोंड खाली. ढुंगण वर, मधोमध."

म्हणजे तो प्राणी सगळ्या अंगानं जेवणावर बसतो आणि वरून हगतो. दुसऱ्या दिवशी मी ते डोळ्यांनी पाहिलं. वरच्या मध्यातून बारीक गोळ्या बाहेर आल्या आणि काट्यांनी त्या एकमेकांच्या हातात दिल्यासारख्या करत बाजूला टाकल्या. मी त्या दिवशी आंघोळ दोनदा केली.

आणखी एक खोड होती त्या जनावराला. ऊन लागलं की ते हाताला येईल ती वस्तू उचलून डोक्यावर घ्यायचं. समुद्रात शिंपले घेतं म्हणे. आमच्या बादलीत शिंपले नव्हते, म्हणून बाबलनं काडेपेटीचे तुकडे आणि नारळाची करवंटी फोडून तिच्या ढलप्या टाकल्या. खिडकीतून सकाळचं ऊन आलं की तिघंही ते तुकडे पाठीवर ओढून घेत आणि छत्रीखाली बसल्यासारखे बसत. त्याच आठवड्यात माझी माळ तुटली. मणी सगळीकडे गेले. मी गुडघ्यांवर रांगत एकेक गोळा केला, एक कमी भरला. दोन दिवसांनी बघतो तर तो तुळशीचा मणी त्या जनावराच्या डोक्यावर, बरोब्बर त्या मधल्या भोकाशेजारी.

मी ओरडलो. जे तोंडाला आलं ते बोललो.

"अरे, तुझ्याकडे होतो तेवा गळ्यात होतो," बाबल शांतपणे म्हणाला, "तेणां डोक्यार घेतलान. जास्त मान कोणी दिलो?"

मला जास्तच राग आला.

सगुणाबाईंना वास दुसऱ्याच दिवशी लागला होता. पण त्या दारात आल्या त्या वेगळ्याच निमित्तानं. बाबल चाळीभर सांगत सुटला होता की या जनावराच्या दाताची धार कधी जात नाही. बाई म्हशीचं दूध काढून हात पुसत दारात आल्या.

"काय रं बाबल, धार काढतोस व्हय ह्याची? किती दूध देतंय?"

"आगे बाय, ती धार न्हय!" असं बाबल म्हणेपर्यंत बाईंनी बादलीत डोकावलं. मार्चचं ऊन पत्र्यावर तापत होतं, पाणी कोमट झालं होतं. तिघांतल्या एकाच्या वरच्या टोकातून पांढरी धार निघत होती. खरोखर दुधासारखी. पाण्यात तिचे ढग होत होते.

"दूध दिलं बया!" सगुणाबाई किंचाळल्या.

बाबल पोट धरून हसत जमिनीवर बसला. ते दूध नव्हतं. तो नर होता, आणि त्यानं सोडलं ते त्याचं बी होतं. थोड्या वेळानं दुसऱ्यानं पिवळसर काहीतरी सोडलं, ती मादी. "एकान सोडलां की वास लागता आणि बाकीचे सोडतत," बाबल डोळे पुसत म्हणाला. "कोण कोणाक शिवणा नाय. काय होतला तां पाण्यात." सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हाराज, तुमी माळ घालता आन् ह्ये घरात चालू देता? आमी काय म्हनावं?" जणू मीच सोडलं होतं. त्या बादलीनं मी पुढे कधी आंघोळ केली नाही.

पाच-सहा दिवसांत ते मरायला लागले. मेल्याची खूण म्हणजे काटे लोळतात, मग गळतात. काळे काटे चटईवर, अंथरुणात, माझ्या चपलेत. एक टाचेत मोडून आठ दिवस आत राहिला. पहिला मेला तो बाबलनं गपचूप बाहेर पुरला. दुसरा मरायची वाट न बघता त्यानं पकडीनं फोडला, आत नारिंगी रंगाच्या पाच फाका होत्या, त्या बोटानं ओरबाडून खाल्ल्या आणि शेवटची माझ्यापुढे धरली. "खाऊन बघ मेल्या, लोणी आसा लोणी." मी मोरीकडे धावलो. मागून त्याचा आवाज आला, "शिरा पडली तुझ्या तोंडार, एवढा चांगला टाकलंस!"

त्याला खरा रस होता तो त्या प्राण्याच्या जबड्यात. पाच दात, गोलाकार, टोकं मधोमध मिळणारी. लेथवर लोखंड पकडून धरणारा चक असतो तसा, फक्त याला पाच जबडे. या दातांनी ती साळ खडक खरवडते, शेवाळ खाते. काही तर कोवळ्या वयात खडकात भोक कोरून आत बसतात आणि आतच मोठी होतात, मग भोकाचं तोंड लहान पडतं आणि जन्मभर बाहेर येता येत नाही. बाबल लहानपणापासून हे बघत आला होता. त्याचा प्रश्न एकच होता. खडकावर दात घासून बोथट का होत नाही? कांबळेचं टूल साध्या लोखंडावर अर्ध्या शिफ्टमध्ये बोथट होतं. याला धार कोण लावतं?

त्याचं उत्तर त्यानं मी वापरायचो त्या भिंगातून शोधलं. तपासणीच्या टेबलावर त्या फोडलेल्या साळीचा दात ठेवून, जेवणाच्या सुट्टीत, रोज. मला हाकलता येईना, कारण भिंग कंपनीचं होतं. चौथ्या दिवशी त्यानं मला ओढत नेलं. "बघ. पापुद्रे आसत. एकावर एक." खरंच होतं. दात म्हणजे पातळ थरांची चवड होती. पुढचा थर झिजला की तो अख्खाच्या अख्खा तुटून पडायचा आणि मागचा कोरा थर पुढे यायचा. मागून दात वाढत राहायचा.

"मोडता म्हणून धार ऱ्हवता," बाबल हळूच म्हणाला. मी त्याला इतक्या हळू बोलताना आधी ऐकलं नव्हतं. "हेका ग्राइंडर लागणा नाय, बुवा. ह्येच्या कंपनीत माका काम नाय."

तो हसला, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. कारण त्याच महिन्यात कारखान्यात लोखंड कापायच्या तयार टिपा यायची बातमी आली होती. चौकोनी, बोटाच्या नखाएवढ्या, परदेशी पद्धतीच्या. लेथवर स्क्रूनं बसवायच्या. एक कोपरा बोथट झाला की फिरवायची, चारही कोपरे झाले की फेकून द्यायची. धार लावायची नाही. म्हणजे दगड नको, आणि दगडापुढे उभा राहणारा माणूसही नको.

फोरमन तसा बरा माणूस होता. त्यानं बाबलला संधी दिली. तीन नंबर लेथवर एक आठवडा टिपा चालतील, एक आठवडा बाबलचं टूल. नग मी तपासायचे आणि रजिस्टरात शेरा लिहायचा. त्यावर दगड ठेवायचा की काढायचा ते ठरेल. बाबलची इतक्या वर्षांची नोकरी माझ्या पेन्सिलीवर आली.

बाबलनं ते टूल तीन दिवस घासलं. धारेच्या मागे त्यानं केसाएवढ्या बारीक तिरक्या खाचा पाडल्या, एकामागे एक, त्या दाताच्या थरांसारख्या. त्याचा बेत साधा होता. धार बोथट झाली की पुढचा तुकडा खाचेवर मोडून पडेल आणि मागची कोरी धार कापायला लागेल. वेडेपणाच. मी तेव्हाही तेच म्हटलं.

आदल्या संध्याकाळी मी खोलीवर आलो तर शेगडीवर माझं दुधाचं पातेलं. आत मीठ लावून ठेवलेली तिसरी साळ उकळत होती. मांस सुटून जबडा मोकळा व्हावा म्हणून. वर राखाडी फेस, खोलीभर ओला, गोडसर, कुजका वास. त्या पातेल्यात माझी आई मला दूध तापवून द्यायची, तिनंच ते बांधून दिलं होतं. त्या क्षणी मला बाबल माणूस वाटत नव्हता. भिंतीवरची पाल असावी तसा तो वाटत होता, आणि पाल घराबाहेर जावी एवढंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कांबळेनं टूल लावलं. नग चांगले निघत होते. दुपारच्या सुमाराला आवाज बदलला. कोपऱ्यातून बाबलनं मान वर केली. आणि 'टक्' झालं.

"मोडलं राव!" कांबळेचा हात बटणाकडे गेला.

"थांब! बंद करू नुको!" बाबल धावत आला. "एक नग काढ. एकच."

कांबळेनं माझ्याकडे बघितलं, मग एक शाफ्ट काढला. आणि तो वर धरून खिडकीकडे केला. "आयला, बुवा, आरसा हाय हा!"

मी मोजला. माप जरा सरकलं होतं, मोडल्यामुळे टूल आखूड झालं होतं, ते साहजिक होतं. कांबळेनं हँडल फिरवून सावरलं. पुढचे सात नग मी एकेक मोजले. सातही मापात. सातही आरशासारखे. बाबल माझ्या खांद्याशी उभा होता, त्याच्या श्वासाला त्या पातेल्याचा वास येत होता, आणि त्यानं आनंदानं माझ्या दंडाला धरलं. तेलकट, माशाच्या हातांनी. मी डाव्या खिशातून रुमाल काढला.

मग रजिस्टर उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'टूल मोडलं.' खाली सही.

शेऱ्याचा रकाना अरुंद असतो, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. तो तेवढा अरुंद नव्हता. 'नंतरचे सात नग उत्तम' एवढं त्यात सहज बसलं असतं. मी लिहिलं ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते घाणेरडं होतं. बाबलनं पातेलं नासवलं ते माझ्या देखत. मी जे केलं ते बंद रजिस्टरात.

पुढच्या महिन्यात दगड काढला. त्या कोपऱ्यात टिपांचं कपाट आलं. बाबलला मागच्या अंगणात पाठवलं, लेथखालचा लोखंडाचा कीस टोपलीनं आणून ढिगावर टाकायला. तिकडे पत्र्याची एक शेड होती, तो तिथेच राहायला गेला. जाताना माझं पातेलं घासून, लख्ख करून ठेवून गेला. मी ते बोहारणीला देऊन टाकलं.

खोली माझी एकट्याची झाली. सगुणाबाई म्हणाल्या, "आता वास न्हाई, म्हाराज." खरं होतं, वास नव्हता. मला मात्र झोपताना सारखं वाटे की कुठेतरी आहे. चटई झटकली, कोपरे धुतले. एकदा कपाटाखाली एक काळा काटा सापडला. तो टाकायला हात होईना, का ते सांगता येत नाही.

त्यानंतर तीनेक वर्षांनी मला चिंचवडला दुसऱ्या कारखान्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेतला, कांबळेनं चहा पाजला, आणि मी मागच्या अंगणात गेलो. त्या दिवसापर्यंत गेलो नव्हतो.

बाबल किसाच्या ढिगाशेजारी उन्हात उकिडवा बसला होता. डोक्यावर गोणपाट ओढलेलं. केसांत, भुवयांत लोखंडाच्या वळ्या अडकलेल्या. समोर फेकलेल्या टिपांचा ढीग, आणि तो एकेक टीप उचलून जिभेला लावत होता.

"काय करतोस?"

"चार कोपरे आसतत," तो वर न बघता म्हणाला. "दोन वापरतत आणि टाकतत, मेले. हे बघ, हेचे दोन कोरे आसत." कोऱ्या टिपा त्यानं एका डब्यात वेगळ्या काढल्या होत्या. त्या कोणी मागितल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "बाबल, त्या वेळी मी रजिस्टरात फक्त 'मोडलं' एवढंच लिहिलं होतं."

"ठावक आसा. कांबळ्यान सांगल्यान."

"कधी?"

"त्याच दिवशी."

म्हणजे पातेलं घासलं तेव्हा त्याला माहीत होतं.

"मोडलांच होतां," बाबल म्हणाला. "खोटां खंय लिवलंस?" मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पण फुडचे सात बघलंस मा?"

"बघितले."

"कसे होते?"

"आरशासारखे," मी म्हणालो.

"मगे झालां," तो म्हणाला. तेवढंच त्याला हवं होतं, की कोणीतरी ते पाहिलं होतं.

त्यानं उठून हात पुढे केला. तो मी दोन्ही हातांत धरला, एका खोलीतल्या तीन वर्षांत कधी धरला नव्हता तसा. खरखरीत, तेलानं चिकट, नखांत लोखंड. बराच वेळ धरून ठेवला. आणि सोडला तेव्हा माझा हात आपला आपण डाव्या खिशात गेला. रुमाल बाहेर येईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही.

बाबलनं रुमालाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तो पूर्वीसारखाच हसला.

"पूस, बुवा, पूस," तो म्हणाला. "तेल आसा तां, लवकर जाणा नाय."

तो परत खाली बसला, गोणपाट डोक्यावर ओढलं आणि पुढची टीप उचलली. आणि मी, तिथेच उभा राहून, हात पुसला.